अजिंठ्याचे रंग कोणी वेचले?

आजचा धागा अजिंठ्याच्या चित्रांविषयी आहे; मात्र पद्मपाणीची मुद्रा, जातककथा किंवा वाकाटकांचे राजकारण हा त्याचा विषय नाही. त्या भिंतींवर रंग चढण्यापूर्वी कोणीतरी तो जमिनीतून खणून, ओढ्यातून वेचून, टोपलीत भरून आणला होता. ती टोपली आज आपला विषय आहे. धागा जरा लांबला आहे, सवडीने वाचावा.

आरंभ हिरव्या रंगापासून करू. अजिंठ्याच्या चित्रांत केळीची पाने आहेत, वेली आहेत, गर्द झाडी आहे. हा हिरवा रंग पानांचा रस काढून केलेला असावा, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. पण पानांचा रस काही महिन्यांतच तपकिरी पडतो. दीड हजार वर्षे तो टिकणे शक्य नाही. तो हिरवा रंग दगडातला आहे, आणि त्या जातीचा दगड ज्या कातळात लेणी खोदली त्या कातळातच सापडतो.

हे कसे घडले ते थोडक्यात पाहू. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे बनलेले आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात लहानमोठ्या पोकळ्या राहिल्या. पुढे लक्षावधी वर्षे पाणी झिरपत राहिले, आणि त्या पोकळ्यांत निरनिराळी खनिजे साचली: कुठे पांढरे झिओलाइट, कुठे गारगोटी, तर कुठे मातकट हिरवे सेलॅडोनाइट. हे सेलॅडोनाइट पोकळीच्या आतल्या बाजूस अस्तरासारखे बसलेले असते. ते इतके मऊ असते की नखाने खरवडता येते. खडक झिजला की या हिरव्या गाठी सुट्या होऊन मातीत, ओढ्याच्या पात्रात येतात. अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या नालेच्या आकाराच्या वळणावर आहेत. असा खडक दररोज फोडणाऱ्या पाथरवटांच्या नजरेस या गाठी पडल्या नसतील, असे मानणे कठीण आहे.

भिंत डोंगराने दिली, आणि भिंतीवरचे बहुतेक रंगही डोंगरानेच दिले. 'बहुतेक' म्हणण्याचे कारण एक निळा रंग आहे. त्याची हकीगत पुढे येईल.

रंगाआधी माती.

अजिंठ्याचे कातळ छिन्नीने खडबडीत तासलेले असून त्यावर थेट चित्र काढता येत नाही. म्हणून आधी मातीचा गिलावा दिला जाई. त्यात लोहयुक्त माती, खडकाची भरड किंवा वाळू, भाताचा कोंडा, गवत आणि झाडांचे तंतू असत. त्यावर बारीक माती आणि बारीक तंतूंचा दुसरा, नितळ थर चढे. सर्वांत वर पांढरा पातळ हात फिरवीत, आणि तो वाळल्यावर चित्राला सुरुवात होई. ही कृती युरोपातील ओल्या चुन्यावरच्या भित्तिचित्रांहून वेगळी आहे, हे ध्यानात घ्यावे. तेथे रंग ओल्या चुन्यात मुरतो आणि चुन्याबरोबरच दगडासारखा होतो. अजिंठ्यात रंग कोरड्या पृष्ठभागावर सरसाच्या आधाराने बसलेला आहे. अजिंठ्याच्या चित्रांना 'फ्रेस्को' म्हणण्याची सवय आपल्या पुस्तकांतून अजून गेलेली नाही. ती गेली तर बरे.

ही माती कोणी खणली? येथे बौद्ध भिक्षूंचे नियम फार उपयोगी पडतात. विनयपिटकातील पाचित्तिय नियमांप्रमाणे भिक्षूला जमीन खणणे आणि खणविणे, दोन्ही वर्ज्य आहे. लगेच पुढचा नियम वनस्पती तोडण्यासंबंधीचा असून तेही निषिद्धच आहे. म्हणजे ज्या विहारात भिक्षू राहत, त्याच्या भिंतीला लागणारी माती त्यांना स्वहस्ते खणता येत नव्हती आणि तिच्यात मिसळायचे गवत कापताही येत नव्हते. नियमाने एक पळवाट मात्र ठेवली होती. 'हे जाणा, हे द्या, हे आणा, हे हवे आहे' असे आडवळणाने सांगितले तर दोष लागत नसे. कुदळ गृहस्थाच्या हाती असे. तो परिसरातला कुणबी असेल, मजूर असेल किंवा पाथरवटाच्या घरचा कोणी. माती त्यानेच वाहिली.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिंत रंगविण्यासंबंधी काही फार गमतीदार तपशील आहेत. पांढरा, काळा आणि गेरूचा असे तीन रंग भिक्षूंच्या निवासाला देण्याची अनुज्ञा आहे. पण खडबडीत भिंतीवर रंग धरेना. तेव्हा कोंड्याचे गोळे मातीबरोबर थापावेत, असा उपाय येतो. लाल रंगासाठी तांबूस कोंड्याची माती, मोहरीची भुकटी आणि तेलातले मेण. काळ्या रंगासाठी चक्क गांडुळांनी वर काढलेली माती, झाडाचा डिंक आणि तुरट काढा. हा मजकूर वाचताना धर्मग्रंथ बाजूला राहतो आणि एखाद्या अनुभवी गवंड्याची वहीच हाती लागल्यासारखे वाटते. प्रत्येक अडचणीला रानातले, शेतातले किंवा स्वयंपाकघरातले उत्तर तयार आहे. चुल्लवग्गात पुढे स्त्री-पुरुषांच्या आकृती भिंतीवर काढण्यास मनाईही आहे. फक्त फुलांच्या माळा, वेली असे नक्षीकाम चालते. अजिंठ्याच्या भिंती पाहिल्यावर ही मनाई सर्व संप्रदायांनी सारखी मनावर घेतली नव्हती, एवढे तरी मान्य करावे लागते.

आता रंगांकडे वळू.

तांबडा म्हणजे गेरू. पिवळा म्हणजे पिवळी माती. दोन्ही लोहाचीच रूपे. फरक इतकाच की पिवळीत पाण्याचा अंश बांधलेला असतो. पिवळी माती विस्तवावर भाजली की तो अंश उडून जातो आणि माती तांबडी होते. कमी भाजली तर नारिंगीकडे झुकते, जास्त भाजली तर गडद होते. म्हणजे एकाच खाणीतली माती आणि चुलीतला विस्तव यांवर रंगाच्या चार-पाच छटा साधता येतात. अजिंठ्याचे चित्रकार पहिली रेषा तांबड्या रंगानेच काढीत. काही ठिकाणी वरचे रंग झडून ही आरंभीची रेषा उघडी पडली आहे. काळ्यासाठी काजळी. पांढऱ्यासाठी चुना, पांढरी माती, जिप्सम. हिरव्याची गोष्ट वर आलीच आहे.

वाचकांपैकी ज्यांचे मूळ गाव कोकणात किंवा गोव्यात आहे, त्यांना येथे 'काव' हा शब्द आठवला असेल. जांभ्याची तांबडी माती आणि शिंपल्यांचा चुना यांतून देवळांच्या भिंतींवर जी कावी नक्षी होते, तिचे नावच त्या मातीवरून पडले आहे. घाटावर शिरगोळे कुटून रांगोळी करीत. या वेचण्याला आपल्या भाषेत वेगळे भारदस्त नाव नाही, कारण ते घरकामातच मोडत होते.

येथे एक महत्त्वाची बाब नोंदवायची आहे. लोहाच्या मातीचा रंग प्रकाशाने उडत नाही, चुन्याच्या क्षाराने बदलत नाही, पाण्यात विरघळत नाही. फुले, साली, मुळे यांपासून काढलेले रंग कापडावर उत्तम बसतात. भिंतीवर मात्र चुन्याच्या सान्निध्यात ते फिके पडतात. तेव्हा मूळ चित्रांत काही वनस्पतिज रंग असतीलही, तरी आज जे आपल्यापुढे आहे ते मुख्यतः खनिजांचे उरलेले चित्र आहे.

ग्रंथ मात्र याहून वेगळी यादी देतात. विष्णुधर्मोत्तर पुराणातील 'चित्रसूत्र' हा चित्रकलेवरील प्राचीन ग्रंथांपैकी अत्यंत मान्यवर भाग. त्यात रंगद्रव्ये म्हणून सोने, रुपे, तांबे, अभ्रक, राजावर्त, शेंदूर, कथील, हरताळ, चुना, लाख, हिंगूळ आणि नीळ यांची नावे येतात. यादी वाचून एखाद्या राजाच्या कोठाराची आठवण होते. अजिंठ्याची भिंत मात्र गेरू, पिवळी माती, हिरवा दगड आणि काजळी यांवर उभी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ग्रंथ आणि भिंत शेजारी ठेवून पाहावीत. ग्रंथकार जे जे शक्य आहे ते सांगतो; कारागीर हाताशी असेल त्यावर भागवतो. माझा कल अर्थातच भिंतीच्या बाजूने आहे.

रंग भिंतीला धरून ठेवणारा सरस कसा करीत? अजिंठ्यानंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी, १२ व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याची कृती आहे. म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवायचे, त्या लगद्याच्या कांड्या करून उन्हात कडकडीत वाळवायच्या, आणि लागेल तेव्हा मातीच्या भांड्यात पाण्याबरोबर पुन्हा तापवायच्या. याला वज्रलेप म्हटले आहे. मराठी भाषेच्या अगदी जुन्या नमुन्यांचा शोध घेणारे अभ्यासक ज्या 'मानसोल्लासा'कडे वळतात, तो हाच ग्रंथ. गाण्यापासून पाककृतींपर्यंत सारे काही त्यात आहे, आणि त्याच ओघात कातडे शिजवण्याची ही कृतीही.

आता तो निळा.

दख्खनच्या कातळात निळा रंग देणारे, कुटून भिंतीला लावता येईल असे खनिज हाती लागत नाही. चित्रसूत्रात ज्याला राजावर्त म्हटले आहे, तो लाजवर्द दगड अफगाणिस्तानच्या ईशान्येस बदख्शान प्रांतात, कोकचा नदीच्या खोऱ्यातल्या सर-ए-संग येथील खाणीत मिळतो. प्राचीन जगाला चांगला लाजवर्द मुख्यतः येथूनच जात असे. अजिंठ्यातील निळा हा याच दगडाचा आहे. हिंदुकुशच्या पलीकडून निघून, किती हात बदलून, किती जकाती भरून तो वाघोरेच्या काठी आला असेल, याची कल्पना करावी. बरे, हा दगड नुसता दळला तर करडा, मळकट निळा मिळतो. चांगली छटा हवी तर दगड मुळातच उंची प्रतीचा लागतो.

आणि हा निळा अजिंठ्यात सर्वत्र नाही. नवव्या आणि दहाव्या लेण्यातील सर्वांत जुनी चित्रे, जी सातवाहनकाळातील, इसवी सनापूर्वीच्या शतकांतील मानली जातात, त्यांत लाजवर्दाचा निळा आढळत नाही. तेथे तांबडा, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा अशी डोंगरातलीच मंडळी आहेत. निळा येतो तो वाकाटककाळात, पाचव्या शतकात. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकांनी आपले आयुष्य अजिंठ्याच्या कालनिर्णयात घालवले. त्यांच्या मते वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले हे सारे काम इ.स. ४६० ते ४८० च्या सुमारास, अवघ्या दोन दशकांत झाले. हा कालक्रम सर्वांना मान्य नाही. पण तो खरा असेल तर चित्र असे दिसते: राज्य भरभराटीत आहे, व्यापारी मार्ग चालू आहेत, आणि हरिषेणाचा सचिव वराहदेव याच्यासारखे दाते लेणे कोरवून घेण्यास पुढे येत आहेत. अशा दोन दशकांत दूरदेशीचा निळा दगड भिंतीवर येतो. पहिल्या लेण्याच्या छतावर दाढीधारी, टोप्या घातलेले, हाती पेले घेतलेले परदेशी लोक रंगवलेले आहेत. ते नेमके कोण, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. परदेशी माणसांचे चेहरे आणि परदेशी दगड अशी दोन्ही आवक त्या भिंतींवर दिसते, एवढे येथे पुरे.

सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात वराहदेवाचे नाव आहे. सतराव्या लेण्यात तेथल्या मांडलिक राजाची प्रशस्ती आहे. काही चित्रांखाली दात्यांची नावे रंगाने लिहिलेली आहेत. चित्रकाराची सही मात्र नाही. मग हिरव्या गाठी वेचणाऱ्याची कोठून असणार?

यानंतर भिंतींचे काय झाले ते पाहू, कारण वेचण्याचा हिशेब तेथेच लागतो.

अजिंठ्याची चित्रे फिकट होऊन नाहीशी झाली, असे नाही. जेथे चित्र आहे तेथे गेरू आजही तांबडाच आहे. ती नाहीशी झाली ती पापुद्र्यांनी आणि ढिगाऱ्यांनी, खालचा गिलावा सुटल्यामुळे. पावसाळ्यात खडकातून पाणी झिरपते, वटवाघळांची विष्ठा साचते, आणि गिलाव्यात भरलेला कोंडा व गवत हे कीटकांचे अन्न ठरते. माती घट्ट धरून ठेवण्यासाठी जे शेतातून आणून मिसळले, तेच आतून पोखरले गेले. दगडातून आलेले टिकले आणि शेतातून आलेले खाल्ले गेले, असा हा सरळ हिशेब आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि दहाव्या लेण्यात आपले नाव खरडून गेला. ती कथा सर्वांना पाठ आहे. त्यात अधिक रमण्याचे कारण नाही. पुढची हकीगत मात्र चटका लावणारी आहे. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे या चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या, आणि त्यांतील बहुसंख्य १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह येथे येत राहिले, आणि त्यांच्याही प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत गेल्या. कॅनव्हास, तैलरंग, संग्रहालयाची इमारत अशी सगळी व्यवस्था असूनही नकला वीस-पंचवीस वर्षे टिकल्या नाहीत. शेण-माती-कोंड्याच्या गिलाव्यावरची मूळ चित्रे मात्र, जखमी का होईना, तेव्हाही जागेवर होती.

प्रतिकृती करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फासले गेले. पुढे १९२० ते १९२२ या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू लागलेले पापुद्रे त्यांनी मोठ्या कौशल्याने भिंतीला पुन्हा चिकटवले. ते काम झाले नसते तर आज याहून कितीतरी कमी चित्रे उरली असती, हे मान्य करून पुढचे म्हणावे लागते. त्यांनी चित्रांवर जे लेपन केले ते शेलॅकचे, म्हणजे आपल्या लाखेचे होते. काळाच्या ओघात लाखेचा तो थर पिवळसर-तपकिरी पडला, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि लाजवर्दाचा निळा अनेक ठिकाणी हिरवट-काळपट दिसू लागला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक दशके हा थर हळुवारपणे उतरवण्यात गेली आहेत.

लाख हेही रानातून वेचलेलेच द्रव्य आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे ते तयार करतात आणि वनात राहणारे लोक ते खरवडून आणतात. चित्रसूत्राच्या यादीतही लाख आहे, पण रंगद्रव्य म्हणून. तिचा पारदर्शक थर दमट लेण्यात अख्ख्या चित्रावर चढवावा, ही कल्पना युरोपातील तैलचित्रांच्या सवयीतून आली होती.

शेवटी वेरूळ. अजिंठ्यापासून ते सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तेथील बाराव्या लेण्याच्या, म्हणजे 'तीन ताल'च्या मातीच्या गिलाव्याचे नमुने पुरातत्त्व सर्वेक्षणातील निवृत्त रसायनतज्ज्ञ आणि औरंगाबादच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी मिळून तपासले. २०१६ साली त्यांचा निबंध 'करंट सायन्स' या नियतकालिकात आला. गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे, म्हणजे गांज्याच्याच वनस्पतीचे तंतू आणि अवशेष सापडले. गांजा म्हटल्यावर वृत्तपत्रांनी त्या बातमीचे काय केले असेल ते सांगायला नको. निबंधाचा खरा मुद्दा वेगळा होता. या तंतूंत चिवटपणा असतो, ओलावा शोषण्याची क्षमता असते, आणि कीटक या वनस्पतीपासून दूर राहतात. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळत नाही, आणि तेथील किमान एक चतुर्थांश चित्रांची कीटकांनी हानी केली आहे. वेरूळच्या गिलाव्यात तशी वाताहत दिसत नाही. देवगिरीच्या किल्ल्यातील यादवकालीन बांधकामातही भांगेचा वापर झाल्याचे हेच संशोधक सांगतात.

दोन्ही ठिकाणी लेणी कोरणारे हात सारखेच कुशल होते आणि दोन्हींकडे कातळ तोच होता. टोपलीत एका वनस्पतीच्या जागी दुसरी पडली, एवढाच फरक.

गिलाव्यातले ते जुने तंतू भांगेचेच आहेत याची खात्री करण्यासाठी तुलनेला ताजी वनस्पती लागणार होती. संशोधकांनी ती जालन्याच्या बाहेर रानात जाऊन गोळा केली.